गार

अकरा मिनिटं पडल्या गारा.
दुकानातल्या भिंतीवरचं घड्याळ पाहून सांगतो,
बाराव्या मिनिटाला त्याचीच काच गेली.

मी काचवाला, गिट्टीखदान चौकातला.
दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच शटरपुढे रांग.
कुणी हसून म्हणालं, तुमची तर दिवाळी आहे भाऊ.
मी मान खाली घालून मापं घेत राहिलो.
सव्वीस बाय अठरा. चार एमएम. साधी की रंगीत.
हिऱ्याच्या कलमाने ओढलेली रेघ
आणि त्या रेघेवर टक्‌ करून तुटणारी काच:
इतकं शिस्तीत तुटणं
त्या आठवड्यात शहरात फक्त माझ्या टेबलावर होतं.

रविवारी टेंभुर्णेकाका आले, सायकल ढकलत.
कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत
एकतीस वर्षं दगड पुसून पुन्हा खोक्यात ठेवलेला माणूस.
"काहून रे, नुसतं काच काच करून राहिला?
नाला धुऊन निघाला आहे. चाल."

गोरेवाड्याच्या अलीकडे रस्त्यावर
कडुनिंबाचा पाला इतका, की टायरचा आवाज येईना.
एका झाडाखाली पोपट. मोजले नाहीत.
संत्र्याचा एक ट्रक उभा, ताडपत्री फाटलेली,
प्रत्येक फळावर काळा पडत चाललेला डाग,
कुणी बोट दाबून पाहिल्यासारखा.
न्या हो घरी, ड्रायव्हर म्हणाला, कळमन्यात आता कोण विचारतं.
आम्ही चार घेतली. पैसे त्याने घेतले नाहीत.

नाल्यात काळा दगड, आणि काळ्या दगडाच्या पोटातून
निखळून आलेलं ते सगळं.
लाव्हा थंड होताना आत फुगे राहून गेले, काका सांगतात,
फुग्यात पाणी झिरपलं, पाण्याने एकेक पापुद्रा लावला,
घाई कुणालाच नव्हती.
ते हे नेहमी सांगतात.
मी नेहमी पहिल्यांदा ऐकतो.

सूर्य समोर ठेवून वाकून चालायचं.
जो दगड उजेड थोडा आत घेतो, तो उचलायचा.
मी तीनदा फसलो:
एक बिअरच्या बाटलीचं बूड,
एक कुणाच्या टेललाइटचा तुकडा,
आणि एक टफन काचेचा मणी,
ती काच कदाचित मीच बसवली असेन.
चौथा खरा निघाला. सुपारीहून थोडा मोठा,
बाहेरून बटाट्यासारखा, कुणी दुसऱ्यांदा पाहू नये असा.
काकांनी त्याला जीभ लावली.
"अकीक," म्हणाले, आणि थुंकले.

आमच्यात आभाळातून पडते तीही गार,
दगडातून निघते तीही गार,
आणि हातात घेतली तर दोन्ही गार.
ज्याने शब्द वाटले त्याने नीट पाहिलं नसावं.
किंवा फारच नीट पाहिलं असावं.

श्रावस्तीने त्या दिवशीची अर्धी गार
स्टीलच्या वाटीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती.
अख्खी होती तेव्हा लिंबाएवढी, सुरीने कापून मला दाखवलेली:
कड्यात कडी, पांढरी, मग पारदर्शक, मग पांढरी.
वर किती वेळा फेकली गेली ते यात मोजता येतं,
बाईंनी सांगितलं म्हणे.
पण खांब बदलायला सकाळपासून लाइन बंद.
मी घरी पोचलो तेव्हा वाटीत नुसतं पाणी,
आणि ते ती कुणाला फेकू देईना.

मी खिशातला दगड तिच्या तळहातावर ठेवला.
कोरडा, मळका. ती काही बोलली नाही.
मग तिने तो वाटीत सोडला

आणि पाण्याखाली
कड्या उमटत गेल्या, राखाडी, दुधी,
मधोमध संत्र्याच्या सालीसारखा एक पातळ पदर.
"वाळला की पुन्हा दिसणार नाही," मी म्हटलं.
"मग वाळू कशाला द्यायचा?"

बाहेर कुणीतरी शटर वाजवत होतं, रविवार असून.
खिडकीची आहे, ओरडत होता, सव्वीस बाय अठरा, तीन नग.
मी आतूनच लिहून घेतलं, मनगटावर, पेनने,
वाटीकडे बघत,
त्यामुळे अठराचा आठ जरा बिघडला.